फोटोला बसताना

आपल्या सिद्धेश्वर भागात गटाची बैठक झाली की फोटो निघतोच. पण एकटीचा चांगला फोटो किती जणींकडे आहे? म्हाताऱ्या बायांकडे बहुधा आधार कार्डावरचाच. माणूस गेलं की हार घालायला तोच मोठा करून आणतात. म्हणून आज आईचा, सासूबाईंचा फोटो मोबाईलवर नीट कसा काढायचा ते सांगते.

आपला हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादला खास बायांसाठी स्टुडिओ काढला. तिथे फोटो बाईच काढायची. कारण पडद्याचं होतं, पण मला त्यात आणखी एक फायदा दिसतो. परक्या माणसापुढे अंग आखडतं आणि फोटोत तेच येतं. तेव्हा फोटो लेकीनं, सुनेनं काढावा.

उन्हात उभं करू नका, डोळे बारीक होतात. ओसरीत सावलीला, तोंड उजेडाकडे करून बसवा. उजेड पाठीमागे असला की चेहरा काळा पडतो. पदर डोक्यावर असेल तर जरा मागे, नाहीतर कपाळावर सावली येते. अंग थोडं तिरकं, तोंड तुमच्याकडे. हनुवटी किंचित पुढे आणि खाली घेतली की गळ्याची घडी झाकते. कोपर अंगाला चिकटलं तर दंड जाड दिसतो. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि चार-पाच फूट मागे सरा. फार जवळून नाक मोठं येतं.

हातांचं काय करावं हे कुणालाच कळत नाही. त्यांना काम द्या. वाती वळू द्या, मांडीवर नातवंड द्या. "हसा" म्हणू नका, नुसते दात दिसतात. माहेरचं काही विचारा आणि बोलता बोलता दहा-बारा फोटो काढा. त्यातला कोणता ठेवायचा ते तिनं ठरवावं. गोरं करणारा फिल्टर तर नकोच. सुरकुत्या जातात आणि सासूबाई भलत्याच कुणी दिसतात!

बँकेच्या, फॉर्मच्या फोटोला मात्र तिरकं चालत नाही. तिथे मान सरळ, मागे पांढरी भिंत.

आणि फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. मोबाईल फुटला की तोही गेला. औंढ्याला बाजाराला जाल तेव्हा कागदावर दोन प्रती काढून आणा, मागे तिचं नाव आणि तारीख लिहा.