खांबावरचा पुकारा आणि खिशातला मोबाईल

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच साधारण तासाभरात उरणजवळच्या मोरा बंदराला लागते. मोठ्या ओहोटीच्या वेळी मात्र धक्क्याजवळचा गाळ उघडा पडतो, लाँच आत येऊ शकत नाही आणि काही तास फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. त्यामुळे धक्क्यावर येणाऱ्या प्रवाशाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आत्ता लाँच आहे का, आणि नसेल तर कधी? पुण्यात बसलेल्या माणसाला हे उत्तर नको असते. ते हवे असते फक्त त्या धक्क्यावर, त्या वेळी उभ्या असलेल्याला.

अशी जागेला बांधलेली माहिती मोबाईलवर कशी पोचते, तिच्यातून खेळ कसे तयार होतात आणि जाहिरातदार तिचा वापर (व गैरवापर) कसा करतात, ते या लेखात पाहू. मोरा बंदर आपण केवळ सोयीचे उदाहरण म्हणून घेत आहोत.

मोबाईलला आपली जागा कळण्याचा एक मार्ग आकाशातून येतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा आले यावरून मोबाईल स्वतःची जागा काढतो. घड्याळात सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. एवढी काळजी घेऊनही उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटरचा फरक राहतोच, आणि उंच इमारतींच्या गल्लीत तो वाढतो.

हा फरक किती महत्त्वाचा असतो, ते मुंबईच्या लोकल प्रवाशांना ठाऊक आहे. मोबाईलवरचे कागदाविना तिकीट २०१५ मध्ये सुरू झाले, तेव्हा रेल्वेपुढे एक अडचण होती. तिकीट तपासनीस दिसला की लगेच मोबाईलवर तिकीट काढायचे, असे कोणी केले तर? म्हणून रुळांभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण घातले गेले. त्याच्या आत उभे राहून तिकीट निघत नसे. स्थानकापासून फार दूर असले तरीही निघत नसे. ही बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये काढण्यात आली, आतले कुंपण मात्र ठेवले गेले. त्याच वर्षी १२ जानेवारीला उरणपर्यंत लोकल आली आणि हे कुंपणही तिच्याबरोबर उरणला पोचले. कुंपण काही मीटरचे आणि मोजमापातली चूकही काही मीटरची, म्हणजे रुळालगतच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रामाणिक प्रवाशाची पंचाईत व्हायचीच.

दुसरा मार्ग जमिनीवरचा, ब्ल्यूटूथचा. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून हे नाव घेतले आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या कामाला सुरुवात झाली आणि १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून त्यासाठी संघटना स्थापन केली. यातल्या लहरींची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. २०१० मध्ये याचा कमी वीज खाणारा प्रकार आला आणि 'बीकन' शक्य झाले. बीकन म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. नाण्यासारख्या एका बॅटरीवर ती महिनोन्‌महिने चालते आणि दर क्षणाला आपला क्रमांक पुकारत राहते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बीकन फक्त बोलतो, ऐकत नाही. खांबावरच्या डबीला समोरून कोण गेले याचा पत्ता नसतो. तो क्रमांक ऐकून 'मी अमुक खांबाजवळ आहे' हे ठरवतो मोबाईल, आणि ते कोणाला कळवायचे हे ठरवते मोबाईलमधले ॲप. खासगीपणाचा प्रश्न डबीत नसून ॲपमध्ये आहे.

बीकनपासूनचे अंतर पुकाऱ्याच्या जोरावरून ओळखतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबलने उतरते. हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. जुन्या मोबाईलवर बीकनचे काम करणारे आणि दुसऱ्यावर संदेशाचा जोर मोजणारे ॲप विनामूल्य मिळते. मैदानावर १, २, ४ आणि ८ मीटरवर प्रत्येकी दहा वाचने घ्यावीत व आलेख काढावा. मग मध्ये एका विद्यार्थ्याला उभे करावे. आकडा एकदम खाली येईल, कारण आपल्या शरीरात पाणी पुष्कळ आणि पाणी या लहरी शोषून घेते. (मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते, पण तिची शक्ती ब्ल्यूटूथच्या लाखो पट असते, मुलांना उगाच घाबरवू नये.) २०२० मध्ये 'आरोग्य सेतू' ॲपने लोकांचा निकटचा संपर्क ओळखण्यासाठी ब्ल्यूटूथ वापरले. खिशातला मोबाईल आणि हातातला मोबाईल वेगवेगळे अंतर का सांगतील, ते या आलेखावरून विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.

आता जाहिरातीकडे वळू. २००० नंतरच्या दशकात दुकानांत आणि प्रदर्शनांत अशी यंत्रे बसवली जात, की ती जवळपासचे उघडे ब्ल्यूटूथ शोधून त्यांवर थेट चित्र किंवा ध्वनिफीत पाठवत. आपले ब्ल्यूटूथ उघडे आहे हे पुष्कळांना माहीतही नसे. पुढे गूगलने अँड्रॉइड मोबाईलवर बीकनजवळच्या सूचना दाखवण्याची सोय केली, आणि निरुपयोगी सूचनांचा सुळसुळाट झाल्यामुळे डिसेंबर २०१८ मध्ये ती बंद केली. तंत्र चांगले होते, हावरेपणाने बुडाले, असे माझे मत आहे. लंडनमध्ये २०१३ साली जाहिरातीच्या कचरापेट्या जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मोबाईलचे वाय-फाय क्रमांक टिपत असल्याचे उघड झाले आणि नगर प्रशासनाने ते थांबवायला लावले. लक्षात घ्या, त्या पेट्या बोलत नव्हत्या, ऐकत होत्या. आता बहुतेक मोबाईल आपला क्रमांक थोड्या थोड्या वेळाने बदलतात, ते याच कारणासाठी.

मोरा धक्क्यावर एखाद्याने बीकन लावलाच, तर प्रवाशाचा मान राखायचा म्हणजे काय करायचे? आधी लाँचची आणि ओहोटीची वेळ सांगावी. चहा-वड्याची जाहिरात द्यायचीच असेल, तर ज्याने 'चालेल' म्हटले त्यालाच, एका फेरीला एकदाच द्यावी. 'नको' म्हणणे 'हो' म्हणण्याइतकेच सोपे असावे आणि 'नको' म्हणणाऱ्यालाही लाँचची वेळ मिळावी. कोण कधी आला याची वही ठेवण्याचे तर काहीच कारण नाही.

खेळांत ही सीमारेषा अधिक पुसट होते. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोनच दिवसांत तिथल्या ऑरेगन राज्यात एकाने रानात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग'चा तो आरंभ. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला. डिसेंबरमध्ये तो भारतात अधिकृतपणे आला तेव्हा रिलायन्स जिओची दुकाने खेळातली ठिकाणे झाली होती. खेळाडूला वाटते आपण खेळतो आहोत, पण पाय दुकानाकडे वळवलेले असतात. हे फसवणे आहे का, यावर वर्गात चांगली चर्चा होईल. २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे आणि त्यांचा माग काढून जाहिराती करण्यास मनाई आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

शाळेने स्वतः असा खेळ रचावा. बीकन न मिळाल्यास जुने मोबाईल चालतील. उरणमध्ये मात्र जागा निवडताना जपावे लागेल, कारण नौदलाचा शस्त्रसाठा आणि तेल-वायूचे प्रकल्प इथे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये काही शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितल्यावर साऱ्या किनाऱ्यावर सतर्कतेचा इशारा दिला गेला होता. मोबाईल रोखून कुंपणाशी घुटमळणारी मुले तिथे कोणालाच नको असतील. धक्क्याचा सार्वजनिक भाग आणि बाजाराचा रस्ता पुरे. एका ठिकाणी समोर दिसणारे घारापुरी बेट होकायंत्राने कोणत्या दिशेला येते ते विचारावे, दुसऱ्या ठिकाणी तिकीट खिडकीजवळच्या आजोबांकडून जुन्या लाँचचे नाव मिळवायला सांगावे. शेवटचे कोडे गाळावर खेकडे दिसतील तेव्हाच सुटेल असे ठेवता येते. अशा वेळी खेळातले घड्याळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकवावे लागेल : काल अकराला लागलेली ओहोटी आज बाराला दहा मिनिटे असताना लागेल.