मूठ नसलेला व्हॉल्व्ह

उपसा सिंचनाच्या कोणत्याही पंपघरात नजर फिरवली की बहुतेक व्हॉल्व्हवर चाक, मूठ किंवा मोटर दिसते. माणूस ठरवतो, मग व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. पंपाच्या पुढच्या नळावर मात्र एक जाडजूड लोखंडी पेटी बसलेली असते आणि तिला फिरवायला काहीच नसतं. तिच्या आतली झडप पुढे जाणाऱ्या पाण्याने उघडते आणि पाणी उलटं फिरायला लागलं की मिटते. हा चेक व्हॉल्व्ह. पंपघरातली माणसं त्याला एनआरव्ही, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, तर सरकारी निविदांत तो रिफ्लक्स व्हॉल्व्ह म्हणून येतो. चालवणाऱ्याला त्याच्या बाबतीत काहीही करता येत नाही. म्हणूनच सगळा विचार तो विकत घेण्याआधी व्हायला हवा, आणि नेमका तिथेच बहुतेक वेळा फक्त नळाचा व्यास सांगून माल मागवला जातो.

भंडारा जिल्ह्यात हा विषय दर हंगामात कामाला येतो. हा धानाचा जिल्हा आहे. इथली जुनी सिंचनव्यवस्था माजी मालगुजारी तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची. तलाव वर, धानाच्या बांध्या खाली, त्यामुळे पाणी आपसूक उतरायचं आणि त्याला परत फिरण्याचं कारणच नसायचं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पवनी तालुक्यात वैनगंगेवर ३३ वक्रद्वारांचं हे धरण उभं राहिलं आणि त्याच्या पाण्यावर उपसा योजना आल्या. भंडाऱ्यात टेकेपार आणि नेरला, नदीपलीकडे आंभोरा आणि मोखाबर्डी. उत्तरेला तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याकडे, बावनथडीचं पाणी सोंड्याटोला योजनेतून चांदपूर जलाशयात चढवलं जातं. चढवलेलं पाणी सतत खाली यायला टपलेलं असतं. पंप चालू आहे तोवर ते दबून राहतं.

वीज गेली की काय होतं ते पाहू. ६०० मिलिमीटर व्यासाचा आणि एक किलोमीटर लांबीचा नळ धरला, तर त्यात सुमारे २८० टन पाणी असतं आणि ते सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने वर चाललेलं असतं. पंप थांबला म्हणून पाणी लगेच थांबत नाही. ते आपल्या वेगाने काही अंतर पुढे जातं, मंदावतं, क्षणभर थबकतं आणि मग उताराने मागे फिरतं. चेक व्हॉल्व्ह नसेल तर हे पाणी पंपातून उलटं धावतं आणि पंप जलचक्कीसारखा उलटा फिरू लागतो. तशा स्थितीत वीज परत आली आणि कुणी बटण दाबलं, तर पंपाचा शाफ्ट पिळून तुटू शकतो. नळ रिकामा झाला तर तो पुन्हा भरण्यात वेळ आणि वीज दोन्ही जातात.

पण चेक व्हॉल्व्ह बसवला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. खरा प्रश्न तो कधी मिटतो, हा आहे. पाणी थबकतं त्याच क्षणी झडप मिटली, तर पंपघरात काहीच ऐकू येत नाही. झडपेला उशीर झाला, तर तोवर पाण्याने उलटा वेग घेतलेला असतो आणि झडप त्या धावत्या पाण्याला एका फटक्यात अडवते. तेव्हा जो दणका बसतो त्याला वॉटर हॅमर म्हणतात. पंपघराच्या भिंती हादरवणारा तो आवाज अनेक ऑपरेटरांच्या इतका सवयीचा होतो की ते तो यंत्राचा नेहमीचाच आवाज समजतात. तसं समजू नये. त्या आवाजासोबत नळाचे सांधे, फ्लँजचे बोल्ट आणि पंपाची कवचं दर वेळी थोडी थोडी खर्ची पडत असतात.

या दणक्याचं गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून पक्कं केलं. अडवलेल्या पाण्यातून दाबाची लाट धावते. पोलादी नळात तिचा वेग सेकंदाला साधारण एक हजार मीटर असतो. वाढणारा दाब म्हणजे पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि अडवलेल्या पाण्याचा वेग यांचा गुणाकार. सेकंदाला एक मीटर वेगाने उलटं येणारं पाणी एकदम अडवलं तर दाब सुमारे दहा बारने वाढतो, म्हणजे शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पीव्हीसी नळाच्या भिंती ताणल्या जातात, त्यामुळे तिथे लाटेचा वेग ३०० ते ४५० मीटर इतकाच असतो आणि दणका सौम्य बसतो. पण पीव्हीसीची सहनशक्तीही तितकीच कमी असते.

आता एक गोष्ट जी ऐकताना उलटी वाटते. लांबच लांब नळापेक्षा आखूड आणि चढा नळ चेक व्हॉल्व्हसाठी अवघड असतो. पाणी किती लवकर थबकेल हे ढोबळमानाने चढ आणि लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. वीस मीटर चढ आणि नळ फक्त २०० मीटर लांब असेल, तर दोन मीटर वेगाचं पाणी जवळपास दोन सेकंदांत थबकतं आणि त्याच त्वरेने उलटं फिरतं. तोच चढ चार किलोमीटर लांब नळावर असेल, तर चाळीसेक सेकंद मिळतात. घर्षण आणि पंपाच्या फिरत्या भागांचा जोर धरला की हे आकडे थोडे सरकतात, पण तफावत तशीच राहते. आखूड नळावर झडपेला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी उलटा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर जातो आणि पाच बारचा दणका बसतो. वीस मीटर उंची चढवणाऱ्या योजनेत पन्नास मीटरचा जादा दाब! याहून कठीण स्थिती म्हणजे चार-पाच पंप एकाच सामाईक नळाला जोडलेले असताना त्यातला एकच ट्रिप होणं. बाकीचे पंप चालूच असतात, त्यांचं पाणी बंद पडलेल्या पंपाच्या वाटेने मागे घुसतं आणि प्रवाह उलटायला सेकंदाचा अंशही पुरतो. मोठ्या उपसा योजनेत व्हॉल्व्ह निवडताना याच प्रसंगाचा हिशेब करावा लागतो.

व्हॉल्व्हचे प्रकार या हिशेबातूनच जन्मले आहेत. सगळ्यात जुना आणि स्वस्त तो स्विंग प्रकार. वर बिजागरी, खाली लोंबणारी तबकडी. उघडल्यावर वाट मोकळी राहते, दुरुस्तीही सोपी. पण तबकडी जड असते आणि तिला लांबचा फेरा मारून परत यावं लागतं, त्यामुळे ती वाऱ्यात आपटणाऱ्या दारासारखी उशिरा आणि जोरात मिटते. टिल्टिंग डिस्क प्रकारात तबकडी मध्याजवळच्या आसावर कलते, फेरा कमी होतो. (हृदयातल्या चारही झडपा चेक व्हॉल्व्हच आहेत, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेली कृत्रिम झडप याच कलत्या तबकडीच्या तत्त्वावर चालते.) ड्युअल प्लेटमध्ये तबकडीचे दोन अर्धे भाग असतात आणि स्प्रिंग त्यांना ढकलते, त्यामुळे प्रवाह मंदावतानाच ते मिटायला लागतात. नोझल प्रकारात हलकी तबकडी सरळ रेषेत अगदी थोडं अंतर सरकते. मिटण्यात याच्याइतका चपळ दुसरा नाही, आणि किमतीतही तो वरचढ. आखूड, चढ्या, अनेक पंपांच्या योजनेत तो पैसा वसूल करतो. लांब आणि सपाट नळावर एकच पंप असेल, तर साधा स्विंग प्रकार वर्षानुवर्षं चोख काम देतो. महागडा घेतला म्हणजे निवड बरोबर झाली, असं नसतं.

निवडीतली सगळ्यात मोठी चूक मला व्यासाची वाटते. नळ २०० मिलिमीटरचा, म्हणून व्हॉल्व्हही २०० चा. पण झडप पाण्याच्या जोरावर उघडी राहते. साध्या स्विंग व्हॉल्व्हची तबकडी पूर्ण उघडून टेकायला, रचनेनुसार थोडं पुढेमागे, सेकंदाला दीड ते दोन मीटर वेग लागतो. तासाला शंभर घनमीटर पाणी २०० मिलिमीटरच्या नळातून गेलं, तर वेग एक मीटरही भरत नाही. तबकडी अर्धवट उघडी राहते आणि दिवसभर फडफडत राहते. बिजागरीची पिन झिजते, नट सैल होतात. तेच पाणी १५० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हमधून नेलं तर वेग दीड मीटरवर जातो. दोन्हीकडे व्यास बदलणारे रिड्युसर लावावे लागतात, दाबाची थोडी घट सोसावी लागते, पण झडप स्थिर राहते.

अशा फडफडीची किंमत काय असू शकते हे कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राने पाहिलं. २१ नोव्हेंबर १९८५ रोजी तिथल्या पहिल्या संचाचा वीजपुरवठा खंडित झाला, पंप थांबले, आणि बाष्पजनित्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचे पाच चेक व्हॉल्व्ह पाणी अडवू शकले नाहीत. नळ मागच्या मागे रिकामे झाले, त्यांत वाफ शिरली, मग थंड पाणी आलं आणि वाफ क्षणात आकसून प्रचंड दणका बसला. नळ जागचा हलला, त्याला तडा गेला. चौकशीत दिसलं की अर्धवट उघड्या तबकड्या खळबळत्या प्रवाहात फडफडून आधीच निकामी झाल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्यानंतर अमेरिकेच्या अणुवीज केंद्रांत चेक व्हॉल्व्हच्या निवडीची आणि तपासणीची नव्याने झाडाझडती झाली.

भंडाऱ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाण्यात काय आहे. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानकडे जाते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि ते सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात साठतं. जलपर्णी, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या. ड्युअल प्लेटच्या मधोमध उभी पिन असते आणि तंतुमय कचरा तिच्याभोवती गुंडाळला जातो. तबकडीच्या अर्ध्या भागाखाली पिशवीचा तुकडा अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही. अशा पाण्यावर जाळ्या चोख असतील तरच हा प्रकार घ्यावा, नाहीतर मोकळ्या वाटेचा स्विंग व्हॉल्व्ह घेऊन त्याच्या बिजागरीवर बाहेरून वजनाची दांडी किंवा तेलाचा डॅशपॉट लावावा, म्हणजे मिटण्यावर ताबा राहतो. नदीचं दुखणं व्हॉल्व्हने बरं होणार नाही, सांडपाणी उगमाशीच शुद्ध झालं पाहिजे. तोवर पंपघराला हे पाणी सोसावं लागणार आहे.

धातू कोणता, हा प्रश्न उष्णता आली की टोकदार होतो. जिल्ह्यातल्या उकड्या तांदळाच्या गिरण्यांत बॉयलर असतात. बॉयलरला पाणी देणाऱ्या नळावर फीड चेक व्हॉल्व्ह भारतीय बॉयलर विनियम, १९५० नुसार बंधनकारक आहे. पंप थांबला आणि हा व्हॉल्व्ह गळका निघाला, तर बॉयलरमधलं तापलेलं पाणी दाबासरशी मागे येतं, आतली पातळी घसरते आणि उघडे पडलेले नळ तापून फाटू शकतात. झडप जिथे टेकते ती बैठक इथे रबराची चालत नाही, धातूवर धातू टेकणारी लागते. बीडाचं ओतकाम ठिसूळ असतं, दणक्याने ते काचेसारखं तडकतं. पोलाद मात्र आधी वाकतं, ताणतं. पण पोलादाचाही आकडा नीट वाचावा लागतो. डब्ल्यूसीबी या नेहमीच्या ओतीव पोलादाचा १५० क्लासचा (क्लास म्हणजे दाबाची श्रेणी) व्हॉल्व्ह थंड पाण्यावर १९.६ बार सोसतो, २०० अंश सेल्सिअसला तोच १३.८ बारवर येतो आणि ४०० अंशांना ६.५ बारवर. अंगावर क्लास तोच कोरलेला असतो.

कास्तकाराच्या विहिरीवरही हेच शास्त्र आहे. शोषण नळाच्या तळाशी बसणारा फूट व्हॉल्व्ह हा जाळी लावलेला चेक व्हॉल्व्हच. तो गळका झाला की पंपातलं पाणी उतरतं आणि दर वेळी बादलीने भरण करावं लागतं. शेतीच्या पंपांच्या शोषण नळांवरील अशा व्हॉल्व्हसाठी आयएस १०८०५ हे भारतीय मानक आहे. वॉटरवर्क्सच्या स्विंग प्रकारच्या रिफ्लक्स व्हॉल्व्हसाठी आयएस ५३१२ आहे. अरुंद वाटेचा फूट व्हॉल्व्ह प्रत्येक लिटरमागे वीज खातो, म्हणून दुकानात मानकाची खूण पाहूनच माल घ्यावा. गावच्या हातपंपातही दोन झडपा आळीपाळीने हेच काम करतात. इंडिया मार्क-२ या देशभर पोहोचलेल्या हातपंपाची मुळं सोलापूरला विकसित झालेल्या पंपात आहेत, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावं असं आहे.

बसवण्याची जागा निवडीइतकीच महत्त्वाची आहे. पंपाच्या तोंडाला किंवा बाकाला चिकटून बसवलेल्या व्हॉल्व्हमध्ये पाणी घुसळत येतं आणि तबकडी फडफडते. मध्ये नळाच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी ठेवावी. स्विंग व्हॉल्व्ह आडव्या नळावर किंवा वर जाणाऱ्या प्रवाहावरच बसवावा, खाली उतरणाऱ्या प्रवाहावर नाही.

तेव्हा पुढचा व्हॉल्व्ह मागवताना मागणीपत्रावर व्यासासोबत आणखी काही गोष्टी लिहा. तासाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पाणी, चढ किती, नळ किती लांब आणि कशाचा, एकाच नळावर किती पंप, पाणी किती गरम आणि किती गढूळ. विक्रेत्याकडून तबकडी पूर्ण उघडण्यासाठी लागणारा किमान वेग लेखी घ्या. आणि पंप बंद होताना दणका ऐकू येत असेल, तर रोवणीच्या आधी, पंपांना उसंत असताना, झाकण उघडून पिन, नट आणि बैठक तपासून घ्या. हंगाम सुरू झाल्यावर ते झाकण उघडायला कुणालाच सवड मिळत नाही.