स्टॅटिनचा अंमल आणि रुग्णाची सावधगिरी

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, औषधांच्या दुकानी दरमहा येणाऱ्या चिठ्ठ्यांत कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गातील गोळीचे नाव आता रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांइतकेच नित्याचे झाले आहे. आणि तरीही जी गोळी इतक्या घरांत नेमाने येते, तीच अनेक घरांतून काही महिन्यांतच, डॉक्टरांना न विचारता, परस्पर बंद होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ असे कोणी म्हणतो, तर ‘तिने मांड्या दुखतात, लिव्हर खराब होते,’ असे कोणी सांगतो. या दोन्ही समजुतींचा साधकबाधक विचार होणे अगत्याचे आहे; कारण बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत या औषधाचा धोका ते घेण्यात जितका आहे, त्याहून अधिक ते मनानेच सोडण्यात आहे.

स्टॅटिनचा शोध लागला तो बुरशीच्या अभ्यासातून. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार सूक्ष्मजीवांची परीक्षा केली आणि क्योटो येथील एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली त्यांना या वर्गातील पहिले द्रव्य सापडले. आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉल केवळ आहारातून येत नाही, तर त्याचा बराच मोठा भाग यकृत स्वतः निर्माण करते. या निर्मितीतील एका कळीच्या विकराला स्टॅटिन अटकाव करते, आणि मग यकृताला कोलेस्टेरॉलची जी उणीव भासते ती भरून काढण्यासाठी ते आपल्या पेशींवरील ग्राहकांची (रिसेप्टरांची) संख्या वाढवून रक्तातील एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, ओढून घेते. या ग्राहकांचा शोध लावणारे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिन हे पहिले स्टॅटिन अमेरिकेत विक्रीस आले.

या औषधाने प्राण वाचतात काय, या प्रश्नाचा निवाडा १९९४ साली स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने केला. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांस सिम्वास्टॅटिन आणि निम्म्यांस औषधहीन गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांच्या मुदतीत औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ आणि औषध घेणाऱ्यांपैकी १८२ रुग्ण दगावले. आपल्याकडे या फलिताचे महत्त्व विशेष आहे. कारण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांस पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील लोकांहून सुमारे सहा वर्षे आधी, येत असल्याचे आढळून आले.

आता ‘नॉर्मल’ अहवालाविषयी. शेताची राखण पीक उभे आहे तोवर करावी लागते, एक रात्र जनावर आले नाही म्हणून माळा मोडून टाकता येत नाही; तद्वत अहवालातील तो समाधानकारक आकडा गोळी चालू असल्याचे फळ आहे, व्याधी निर्मूल झाल्याचा पुरावा नव्हे. गोळी थांबली की काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वपदावर जाते. शिवाय प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली सर्वसाधारण मर्यादा सर्वांस सारखी लागू नसते: झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसविलेल्या रुग्णाचे एलडीएल ७० च्या, आणि पुष्कळदा ५५ च्याही खाली ठेवण्याचा वैद्यकीय दंडक आहे.

स्नायूंच्या दुखण्याची तक्रार काहींच्या बाबतीत खरी असते, परंतु प्रत्येक दुखण्याचा आरोप गोळीवर ठेवणे न्यायाचे नव्हे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर लंडन येथे झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांस काही महिने खरी गोळी, काही महिने औषधहीन गोळी आणि काही महिने काहीच न देता रोजच्या त्रासाची नोंद ठेवण्यात आली, तेव्हा खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासाचा सुमारे नऊ दशांश भाग औषधहीन गोळीनेही होत असल्याचे दिसून आले. सोयाबीनच्या काढणीनंतर अंग ठणकणे स्वाभाविक आहे, आणि मराठवाड्याच्या वैशाखात पाणी कमी पडले म्हणजे लघवी गडद होते हेही खरे. तथापि श्रमाचे कारण नसता दोन्ही मांड्या वा दंड दुखू लागले, अशक्तपणा आला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्नायू विरघळण्याची ही अवस्था अत्यंत विरळा आहे, पण ती मूत्रपिंडास घातक ठरते. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली जगभरातून मागे घ्यावे लागले.

यकृताविषयीची भीती मात्र अवास्तव आहे. आरंभी एकदा यकृताची तपासणी करावी, आणि पुढे कावीळ किंवा तत्सम लक्षण दिसल्यास पुन्हा. गंभीर इजा फार क्वचित होते. रक्तातील साखर किंचित वाढू शकते, पण ज्याला हृदयविकाराचा धोका आहे त्याच्या पदरी पडणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा असतो. गरोदर स्त्रीने, किंवा अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीने, हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये.

आपल्या भागात खरी दक्षता हवी ती दोन ठिकाणच्या चिठ्ठ्यांची. मोठ्या दुखण्यासाठी नांदेडचा रुग्ण हैदराबादेस जातो, लातूरचा सोलापूर-पुण्यास, आणि परतल्यावर गावच्या डॉक्टरांचे औषधही चालूच राहते. मग एकच ॲटोर्वास्टॅटिन दोन निरनिराळ्या नावांनी पोटात जाण्याचा संभव असतो. कित्येक कॅप्सुलांत स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारे ॲस्पिरिन एकत्र असते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून पाकिटावरील मोठ्या नावाखालच्या बारीक अक्षरांतील मूळ औषधाचे नाव वाचून घ्यावे. गजकर्णासाठी सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल किंवा खोकल्यासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन ॲटोर्वास्टॅटिन व सिम्वास्टॅटिन यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढवू शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी.

गुग्गुळासारख्या वनौषधींवर श्रद्धा ठेवून गोळी सोडणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल उतरण्याऐवजी थोडे वाढलेच. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, तेलाचा माफक वापर आणि रोजचे चालणे यांचे मोल मोठे आहे; ती औषधाची साथ आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती अशी की, गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीने रक्त तपासावे. त्रास वाटल्यास तो लपवू नये आणि गोळीही परस्पर सोडू नये, कारण मात्रा कमी करणे किंवा दुसरे स्टॅटिन देणे हे उपाय डॉक्टरांच्या हाती असतात. विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, तेथे जाऊन शंका विचारण्यास संकोच नसावा. गोळी चालू ठेवणे किंवा थांबविणे हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी समोरासमोर बसून घ्यावयाचा आहे.