दुर्बिणीचा माउंट : जुना घ्यावा की नवा?

वाशीसारख्या तालुक्याच्या गावी दुर्बिणीवर चार पैसे मिळतील, असे पूर्वी आम्हाला कोणी सांगितले असते तर आम्ही हसण्यावारी नेले असते. आता तसे म्हणवत नाही. शाळेची सहल असो, शेतावरचे पर्यटन असो की एखाद्याच्या घरचा कार्यक्रम, "रात्री चंद्र, शनी दाखवाल का?" अशी विचारणा होते. बालाघाटच्या माथ्यावर शहरासारखा दिव्यांचा झगमगाट नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर माल रोज रात्री दुकानात हजर, आणि तोही फुकट! भांडवल लागते ते दुर्बिणीचे. हे भांडवल बहुतेक वेळा बुडते ते मात्र दुर्बिणीत नाही, तिच्या माउंटमध्ये.

माउंट म्हणजे दुर्बिणीची नळी जिच्यावर बसते आणि फिरते ती यंत्रणा. पुष्कळ लोक तिला नुसते स्टँड समजतात आणि सगळे पैसे नळीवर घालतात. पण आकाश एका जागी थांबत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते तासाला 15 अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश सरकते. शंभर पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून साधारण अर्धा अंश आकाश दिसते. म्हणजे मध्यावर आणलेला शनी मिनिटभरात कडेला जातो. रांगेत चाळीस पोरे उभी असताना दर मिनिटाला नळी हलवायची, आणि हलवली की ती थरथरायची, असे झाले तर गिऱ्हाईक पुन्हा बोलावत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की पैसे मोजताना माउंट आधी, नळी नंतर.

आता जुना की नवा? आम्ही यात एकदा चांगलाच मार खाल्ला आहे, तो आधी सांगतो. आम्ही पाचजणांनी भिशी लावून तीस हजार रुपये जमवले होते. एका मोठ्या शहरातील गृहस्थांकडे मोटारीवर चालणारा, स्वतः तारा शोधून देणारा माउंट वापरलेला मिळत होता. नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. फोटो पाहिले, बोलणे झाले, पैसे पाठवले. माल ट्रान्सपोर्टने आला, लोखंड अगदी ठणठणीत. पण हातात धरायचा कंट्रोलर चालू होईना. वायर बदलली, बॅटरी बदलली, उपयोग नाही. विकणारे म्हणाले, "आमच्याकडे चालत होता." बार्शीला ओळखीच्या लेथवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी उघडून पाहिला आणि म्हणाले, "बाबांनो, दात झिजले असते तर मी करून दिले असते. या कार्डाचं औषध माझ्यापाशी नाही." नवा कंट्रोलर परदेशातून मागवायचा तर किंमत, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून जवळजवळ अर्धे भांडवल पुन्हा घालावे लागणार होते. शेवटी तो माउंट मोटारीविना हाताने फिरवावा म्हटले तर तीही सोय त्यात नव्हती. तोट्यात विकला.

चाचांच्या त्या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. लोखंड, पितळ, बेअरिंग, स्क्रू यांचा माउंट जुना झाला तरी मरत नाही. गिअर घासला तर लेथवर होतो, बेअरिंगवर नंबर असतो, तो सांगितला की बाजारात दुसरे मिळते. कार्ड आणि कंट्रोलर यांचे तसे नसते. कंपनीने ते मॉडेल बंद केले की सुटा भाग मिळणे नशिबावर.

जुन्या लोखंडाचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. 1888 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यात बनलेली 20 इंची दुर्बीण तिथे होती, आणि ती सांभाळत होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला. (हेच नेगमवाला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, जेऊरला मुक्काम ठोकून होते.) 1912 साली वेधशाळा बंद झाली, पण दुर्बीण भंगारात गेली नाही. ती कोडाईकॅनालला गेली, आणि पुढे 1980 च्या दशकात लडाखमध्ये लेहलाही. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उलट नव्या वस्तूलाही नुसते विकत घेऊन भागत नाही. 1948 पर्यंत आपला (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातले नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून ग्रबचीच 15 इंची दुर्बीण आणवली आणि 1901 च्या सुमारास हैदराबादेत निजामिया वेधशाळेचा पाया घातला. नवाबसाहेब गेले, वेधशाळा 1908 मध्ये सरकारकडे आली, आणि ती मोठी दुर्बीण बेगमपेठेत कामाला लागायला 1922 उजाडले. नवाबाच्या दुर्बिणीला वीस वर्षे वाट पाहता आली. भिशीच्या पैशाला वीस आठवडेही पाहता येत नाही.

तर जुना माउंट घ्यायचा तर कसा पाहावा? बैलबाजारात दात पाहतो तसाच. आधी नळी आणि वजन चढवून सगळे स्क्रू आवळावेत आणि तोल साधण्याचा दांडा धरून हलवावा. कटकट असा आवाज झाला किंवा दांडा बोटभर हलला तर बेअरिंग किंवा गिअर सैल आहे. मग हाताने फिरवायचे बारीक नॉब एका बाजूला फिरवून उलटे फिरवावेत. उलटे फिरवताना नळी हलण्याआधी नॉब किती रिकामा फिरतो ते पाहावे. थोडा फिरणारच, पण अर्धा फेरा रिकामा गेला तर किंमत पाडून मागावी. हा दोष पुष्कळदा गिअर जवळ सरकवून कमी होतो. नॉब जड फिरत असेल तर घाबरू नये. आतले ग्रीस वाळून गोंदासारखे झालेले असते. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन नवे ग्रीस भरले की सुतासारखा चालतो. मात्र एकाच जागी येऊन अडकत असेल तर दात तुटला आहे असे समजावे.

शेवटची परीक्षा टिचकीची. नळीला हळूच टिचकी मारून भिंगातून पाहावे. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर झाले तर उत्तम. पाच सेकंद नाचत राहिले तर तो माउंट त्या नळीला झेपत नाही. कंपनी जे वजन पेलेल म्हणून छापते ते नुसते पाहण्यापुरते धरावे. फोटो काढायचे असतील तर त्याच्या निम्मेच धरावे. आणि हे सगळे समक्ष, शक्य तर रात्री. फोटो पाहून पैसे पाठवण्याचा अनुभव वर सांगितलाच आहे.

आता आमच्या भागाची एक खास अडचण. ती जुन्याला लागू आहे तशी नव्यालाही, आणि दुकानदार सहसा सांगत नाही. ताऱ्याच्या मागे फिरणाऱ्या विषुववृत्तीय माउंटचा मुख्य आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच, तर गावाचा अक्षांश असेल तितका. वाशीचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश. युरोपात तो पन्नासाच्या घरात जातो, आणि बरेच माउंट तिकडच्या गिऱ्हाइकासाठी बनतात. काही माउंट वीस किंवा तीस अंशांच्या खाली झुकतच नाहीत. असा माउंट कितीही स्वस्त मिळाला तरी वाशीत तो शोभेचा. जे झुकतात त्यांचेही वजनाचे दांडे उत्तरेकडच्या पायाला धडकतात. त्यासाठी तिपाई फिरवून दोन पायांच्या मधली मोकळी जागा उत्तरेला आणावी लागते. जुन्या माउंटमध्ये उंची कमी-जास्त करायचा बोल्ट वाकलेला आढळतो, तो नक्की तपासावा. बोल्ट मात्र लेथवर शंभर-दोनशेत होतो.

मग नवा कधी घ्यावा? ज्याला मोटार, कंप्युटर आणि फोटो हवेतच, त्याने. इलेक्ट्रॉनिक वस्तू घ्यायची तर बिल आणि वॉरंटीसह नवीच घ्यावी, आणि दुरुस्ती भारतात होते की परदेशी पाठवावी लागते हे आधी लेखी विचारावे. तेवढे पैसे नसतील तर थांबावे. व्याजाच्या हप्त्यावर हौसेची वस्तू घेऊन रात्री तारे मोजण्याऐवजी तारखा मोजत बसण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे दहा हजारसुद्धा नाहीत त्यांच्यासाठी डॉब्सन पद्धतीचा माउंट आहे. अमेरिकेत जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थाने (1915-2014) तो लोकप्रिय केला. प्लायवूडची पेटी, खाली सनमायका, त्यावर टेफ्लॉनचे तुकडे, बस्स. हाताने ढकलले की सरकतो, सोडले की थांबतो. पुण्याच्या आयुका संस्थेच्या कार्यशाळांमध्ये विद्यार्थ्यांनी आरसे घासून याच पद्धतीच्या दुर्बिणी बनवल्या आहेत. वाशीतला कुठलाही बरा सुतार तो करून देईल. तो आपोआप ताऱ्यामागे जात नाही, पण चंद्र, गुरू, शनी दाखवायला पुरतो. आणि 29 तारखेच्या संध्याकाळी पश्चिमेला टेकलेला बारीक हिलाल शोधायला तर वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारा असा साधा माउंटच हाताशी बरा. आस जुळवत बसेपर्यंत चंद्र मावळून जातो.

आम्ही दुसऱ्या खेपेला काय केले? विकून आलेल्या पैशात भर घालून एक जुना, बिनमोटारीचा, सगळा धातूचा विषुववृत्तीय माउंट घेतला. या वेळी स्वतः जाऊन, रात्रभर मुक्काम करून. झुकतो सतरा अंशांपर्यंत, हे मोबाइल आसावर ठेवून कोन मोजून पाहिले. एक बोल्ट वाकलेला होता, तो चाचांनी नवा करून दिला आणि चहाखेरीज काही घेतले नाही. ग्रीस आम्हीच बदलले. रेकॉर्डच्या तबकडीसारखा मऊ फिरतो. गच्चीवर मात्र उपयोग नाही, कारण साडेअठरा अंशांवरचा ध्रुवतारा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड लपतो. म्हणून आता दर कार्यक्रमाला तिपाई, वजने आणि पेटी छोटा हत्तीत टाकून शाळेच्या मैदानावर न्यावी लागते, आणि त्या भाड्याचे पैसे आम्ही पहिल्या हिशेबात धरले नव्हते.