परसांतील कोंबडा व त्याचा बंदोबस्त

चाकण, निघोजे, महाळुंगे या बाजूस औद्योगिक वसाहतीकरितां पुष्कळ जमिनी गेल्या, तरी घरामागें दहापंधरा कोंबड्या ठेवण्याची चाल सुटलेली नाहीं. फरक पडला तो जागेंत. पूर्वीं कोंबडीं खळ्यांत व उकिरड्यावर दिवसभर हिंडत. आतां परसाला लागून भाडेकऱ्यांच्या खोल्या उभ्या आहेत, अंगणांत त्यांचीं मुलें खेळतात, आणि रात्रपाळीहून आलेला कामगार पहाटे नुकताच अंग टाकतो. अशा ठिकाणीं कोंबड्याचा स्वभाव हा एकट्या धन्याचा प्रश्न राहत नाहीं.

नरावांचून कोंबडी अंडीं देत नाहीं, अशी समजूत अजून कित्येक घरीं आढळते. ती चुकीची आहे. नर लागतो तो पिलें काढावयाचीं असतील तरच. उलट वैशाखाच्या उन्हांत फलित अंड्यांत गर्भ वाढूं लागून तें लवकर नासतें. म्हणून अंडीं विकणाऱ्यानें नर वेगळा करावा. वेगळा केल्यावरहि दहाबारा दिवस, क्वचित् अधिक काळ, फलित अंडीं येतच राहतात. पिलें काढणाऱ्यानें दहा कोंबड्यांस एक नर ठेवावा. चारसहा कोंबड्यांत दोन नर असले म्हणजे त्यांच्या पाठीचीं पिसें झडतात, कातडी फाटते, व त्या खुराड्यांत दडून बसतात. पोटभर दाणाहि टिपीत नाहींत.

अंगावर धांवून येणारा कोंबडा पुष्कळदां घरच्यांनींच बिघडविलेला असतो. आमच्याकडे एकुलतें एक निघालेलें पिलूं मुलांनीं हातावर वाढविलें. मोठा झाल्यावर तोच नर पाणी भरणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर झडप घालूं लागला. असा एकटा वाढलेला नर माणसास भीत नाहीं. त्यास तो आपल्या बरोबरीचा नर समजतो. आम्ही काठी उगारली, ही आमची चूक. मारणें म्हणजे त्याच्या दृष्टीनें झुंज पत्करणें, व पळणें म्हणजे हार. स्थिर उभें राहावें, गुडघ्यांपुढें सूप किंवा गोणपाट धरावें, आणि तो बाजूस झाला म्हणजे सावकाश आपल्या कामास लागावें. पायाचा कांटा बोथट करणें तें रात्रीं करावें, कारण अंधारांत तो निमूट हातीं लागतो. मात्र टोंकच घासावें, कांट्याच्या गाभ्यांत रक्त असतें.

दोनतीन आठवड्यांत सुधारणा न दिसल्यास त्याची अंडीं उबवूं नयेत, कारण हा तापटपणा कांहीं अंशीं वंशांत उतरतो. नरास तर ठेवूंच नये. आमच्या नराची टोंच शेजारच्या चार वर्षांच्या मुलीच्या भुवईवर बसली. डोळा थोडक्यांत वांचला. त्याच संध्याकाळीं तो कापला. तो महिनाभर आधींच कापावयास हवा होता.

तथापि पंख पाडून कोंबडीभोंवतीं फिरणें, दाणा दिसतांच तिला हांक मारणें, घार दिसली कीं ओरडणें, हे सर्व चांगल्या नराचे गुण होत. त्यांस खोडी समजून त्यास डालूं नये.

आरवण्याचें मात्र निराळें आहे. जपानांतील नागोया विद्यापीठांत २०१३ सालीं असें आढळलें कीं, सतत एकसारख्या मंद उजेडांत ठेवला तरी कोंबडा अंगच्या घड्याळाप्रमाणें पहाटेस आरवतो. म्हणून खुराड्यावर पोतें टाकल्यानें तो गप्प होईल ही आशा व्यर्थ. शिवाय पोत्यानें हवा कोंडते. जाड भिंतीच्या, वर झरोका असलेल्या खोलींत त्यास रात्रीं ठेवून सूर्य वर आल्यावर सोडावें. आवाज थांबला नाहीं तरी शेजारीं पोंचतो तो बराच दबलेला. एका नराचें आरवणें ऐकून दुसरे आरवूं लागतात, हेंहि एकच नर ठेवण्याचें कारण आहे.

बदली नर आणल्यास मानमोडीसारख्या रोगाच्या भयास्तव दोन आठवडे त्यास निराळा ठेवावा. नंतर रात्रीं कोंबड्यांशेजारीं दांडीवर बसवावा. दिवसां एकदम सोडण्यापेक्षां यांत भांडण कमी होतें.