एका घरातल्या दोन चुली

नवउदारमतवाद आणि नवपुराणमतवाद या दोन राजकीय विचारप्रणालींची नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात. वादाच्या भरात ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरलीही जातात. प्रत्यक्षात पहिली विचारसरणी मुळात अर्थव्यवहाराविषयी आहे, तर दुसरी समाजाची नीती आणि जगातले राष्ट्राचे स्थान यांविषयी. सरकारने कशाकशातून हात काढून घ्यावा, हा नवउदारमतवाद्याचा पहिला प्रश्न. सरकारने हाती शस्त्र कधी घ्यावे, हा नवपुराणमतवाद्याचा.

अमेरिकी परिभाषा या गोंधळात भर घालते. तेथे ‘लिबरल’ म्हणजे कल्याणकारी खर्चाची बाजू घेणारा, डावीकडे झुकलेला माणूस. युरोपात मात्र त्या शब्दाने मुक्त व्यापाराचा जुना अर्थ सोडलेला नाही. मराठी वाचकाला तर उदारमतवादी म्हटले की रानडे-गोखले आठवतात.

नवउदारमतवाद हा शब्द १९३८ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला भरलेल्या एका परिसंवादात पुढे आला. महामंदीनंतर भांडवलशाहीवरचा विश्वास उडाला होता. एकीकडे सोव्हिएत नियोजन, दुसरीकडे फॅसिझम. अशा वेळी जुन्या उदारमतवादाची डागडुजी कशी करावी, हा तेथे जमलेल्यांपुढचा पेच होता. जर्मन विचारवंत अलेक्झांडर रुस्टो आणि त्याच्या मताच्या मंडळींना बाजार आपोआप चालतो हे मान्य नव्हते. मक्तेदारी मोडणारे आणि नियम राखणारे खंबीर सरकार त्यांना हवे होते. नवउदारमतवाद म्हणजे ‘सरकारच नको’ ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे.

ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक याने १९४४ साली ‘द रोड टू सर्फडम’ लिहिले आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधील माँ पेलेरँ येथे सुमारे चाळीस विचारवंतांना एकत्र आणले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन त्यांतला एक तरुण. पुढची पंचवीस वर्षे या मंडळींना सत्तेच्या दारात फारसे कोणी उभे केले नाही. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, महागाई आणि बेकारी एकाच वेळी वाढली, सरकारी खर्चाने मागणी वाढवण्याचे प्रचलित केन्सवादी औषध लागू पडेना. तेव्हा त्यांची वेळ आली. हायेकला १९७४ मध्ये आणि फ्रीडमनला १९७६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पहिला मोठा प्रयोग मात्र लोकशाहीत झाला नाही. चिलीत १९७३ साली लष्करी उठाव करून आलेल्या पिनोशेच्या राजवटीत शिकागो विद्यापीठात शिकलेल्या अर्थतज्ज्ञांनी खाजगीकरण आणि खुला व्यापार राबवला. स्वातंत्र्याचा एवढा उच्चार करणाऱ्या विचाराला हुकूमशहाच्या राज्यात आपले धोरण राबवताना फारशी अडचण आली नाही, हा डाग त्यावरून आजही पुसला गेलेला नाही. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी १९७९ पासून तोच मार्ग मतपेटीतून धरला : उत्पन्नावरील कराचा वरचा दर ८३ टक्क्यांवरून आधी ६० आणि १९८८ मध्ये ४० टक्के झाला, ‘ब्रिटिश टेलिकॉम’ १९८४ मध्ये विकायला निघाली.

नवपुराणमतवादाचे कूळ अगदी वेगळे. तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या उपाहारगृहात, डाव्या विद्यार्थ्यांच्या वादावादीत वाढला. १९३० च्या दशकात तेथे स्टालिनवादी आणि त्यांचे विरोधक आपापले कोपरे धरून बसत. विरोधकांच्या कोपऱ्यात आयर्विंग क्रिस्टल, डॅनियल बेल, नेथन ग्लेझर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुले होती. क्रिस्टल तेव्हा ट्रॉट्स्कीवादी होता. १९६५ मध्ये त्याने आणि बेलने ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे नियतकालिक काढले. त्यात परराष्ट्र धोरण नव्हतेच. गरिबी हटवण्याच्या सरकारी योजना अपेक्षेप्रमाणे का चालत नाहीत, याची चिकित्सा असे. विद्यापीठांतील बंडाळी आणि सोव्हिएत संघाशी नमते घेण्याचे धोरण यांमुळे हा गट उजवीकडे सरकत गेला. ‘नवपुराणमतवादी’ हे नाव रूढ केले ते त्यांच्यावर टीका करणाऱ्या समाजवादी मायकेल हॅरिंग्टनने, १९७३ मध्ये. हेटाळणीसाठी दिलेले नाव क्रिस्टलने आनंदाने मिरवले.

दोघांमधले अंतर खासगी आचरणाच्या प्रश्नांवर सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रीडमनच्या मते अमली पदार्थांवरची बंदी उठवावी, कारण स्वतःचे नुकसान करून घेण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे. क्रिस्टलने १९७१ मध्ये अश्लील साहित्यावर सेन्सॉरशिप असावी अशी बाजू मांडली, कारण नागरिकांचे शील घसरले तर लोकशाही टिकत नाही. सक्तीची लष्करभरती बंद व्हावी म्हणून फ्रीडमन झटला, आणि अमेरिकेत ती १९७३ मध्ये थांबली. क्रिस्टलच्या १९७८ च्या पुस्तकाच्या नावातच भांडवलशाहीला तीनऐवजी दोन जयजयकार आहेत : बाजार समृद्धी देतो, स्वातंत्र्य देतो, पण जगावे कशासाठी हे सांगत नाही. हायेकनेही १९६० मध्येच ‘मी पुराणमतवादी का नाही’ असा निबंध लिहून आपली चूल वेगळी मांडली होती.

मग ही मंडळी एका घरात नांदली कशी? उत्तर बरेचसे शीतयुद्धात आहे. साम्यवाद एकाला नियोजनाचा कळस वाटे, दुसऱ्याला दुष्ट सत्तेचा, शत्रू एकच. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत (१९८१–८९) एका बाजूने करकपात झाली, दुसऱ्या बाजूने संरक्षण खर्च वाढला. दोन्ही गटांना हवे ते मिळाले आणि राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. हिशेब जमला नाही, पण युती जमली.

दोन्ही विचार एकाच जमिनीवर उतरले ते इराकमध्ये. सद्दाम हुसेनला हटवावे अशी मागणी करणारे पत्र ‘प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी’ या गटाने जानेवारी १९९८ मध्येच अध्यक्ष क्लिंटन यांना पाठवले होते. सह्या करणाऱ्यांत डोनाल्ड रम्सफेल्ड आणि पॉल वुल्फोवित्झ होते. २००३ च्या मार्चमध्ये स्वारी झाली तेव्हा हे दोघे संरक्षण खाते चालवत होते. लोकशाही शस्त्रबळाने रुजवता येते, ही नवपुराणमतवादी श्रद्धा. बगदाद पडल्यावर तिच्या मागोमाग बाजारावरची श्रद्धा आली. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे महिन्यात इराकी लष्कर बरखास्त केले आणि सप्टेंबरमध्ये ‘आदेश क्रमांक ३९’ काढून तेल वगळता बहुतेक उद्योगांत १०० टक्के परकी मालकी खुली केली, नफा देशाबाहेर नेण्यास पूर्ण मुभा दिली. कराचा कमाल दर १५ टक्के ठरला. रस्त्यावर बॉम्ब फुटत असलेल्या देशात गुंतवणूकदार काही रांग लावून आले नाहीत. या युद्धावरून फ्रीडमनच्याच घरात दोन मते होती : त्याचा सुरुवातीपासून विरोध, पत्नी रोझचा पाठिंबा. २००६ मध्ये दोघांनी एका मुलाखतीत ते उघड सांगितले.

भारतात नवपुराणमतवाद त्या अर्थाने कधी आला नाही. येथील हिंदुत्ववादी किंवा परंपरावादी राजकारणाला ते नाव देणे चुकीचे, कारण त्याची मुळे आणि प्रश्न दोन्ही वेगळे आहेत. नवउदारमतवादी धोरणे मात्र १९९१ नंतर आली आणि मराठीत त्यांच्या विरोधकांनी खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची आद्याक्षरे जोडून ‘खाउजा’ हा चपखल शब्द घडवला. त्याच महाराष्ट्रात शेतकरी नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले, हे विसरून चालणार नाही. शेतमालाचे भाव सरकारच पाडते, असा त्यांचा युक्तिवाद होता. खुल्या बाजाराची मागणी नेहमी कारखानदारच करतात, हे त्यामुळे येथे तरी म्हणता येत नाही.

अमेरिकेत दोन्ही विचारांना मोठा धक्का त्यांना जवळ असलेल्या रिपब्लिकन पक्षातूनच बसला. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रचारात इराक युद्धाला उघडपणे घोडचूक म्हटले आणि २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आयातशुल्क लावले. आयर्विंग क्रिस्टलचा मुलगा विल्यम याने १९९५ मध्ये सुरू केलेले ‘द वीकली स्टँडर्ड’ हे नवपुराणमतवाद्यांचे साप्ताहिक २०१८ च्याच डिसेंबरमध्ये बंद पडले. हायेकच्या १९४७ च्या बैठकीतून उभी राहिलेली माँ पेलेरँ सोसायटी मात्र अजून चालू आहे. तिचे २०२४ चे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते.