सांगणारा कोण?

कोणतीही हकीकत पुढे आली, की 'काय घडले?' असे आपण विचारतो. त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न आहे तो 'सांगतो कोण?' हा. कामगारांच्या जबान्या ज्यांनी लिहून घेतल्या आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. यंत्रात एकाचा हात सापडतो. मुकादम म्हणतो, माणूस बेसावध होता. शेजारचा म्हणतो, पट्टा सैल होता. दोघांपैकी कोणी खोटेच बोलत असेल असे नाही. जो जिथे उभा होता, तिथून त्याला जे दिसले ते तो सांगतो. वाङ्मयात ह्यालाच निवेदकाचा दृष्टिकोन म्हणतात. टीकाग्रंथांत हा विषय जड वाटतो. पण एक चांगली कादंबरी हाती असली, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही तो सहज समजतो.

अशी एक कादंबरी म्हणजे एस. ई. हिंटन ह्यांची 'दि आउटसायडर्स'. लेखिका अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरची. शाळेत असतानाच तिने ही लिहावयास घेतली आणि १९६७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे वय होते अवघे १८. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे पाहून परीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकाने नावाची नुसती आद्याक्षरे घालण्यास सुचविले. म्हणजे 'सांगणारा कोण?' हा प्रश्न मुखपृष्ठापासूनच सुरू होतो!

गोष्ट सांगतो पोनीबॉय कर्टिस हा १४ वर्षांचा मुलगा. आईबाप मोटार-अपघातात गेलेले. थोरला भाऊ डॅरी छपरे घालण्याच्या कामावर राबून घर चालवितो, मधला पेट्रोलपंपावर आहे. गावात दोन तट: गरीब वस्तीतले 'ग्रीझर' आणि श्रीमंतांची मुले 'सोश'. पोनीबॉय ग्रीझर, तेव्हा आपण सारे पाहतो ते गरीब वस्तीच्या बाजूने.

आता पहिला पाठ. डॅरीचे आपल्यावर प्रेम नाही, अशी पोनीबॉयची खात्री आहे आणि आपणही ती खरी मानतो, कारण दुसरे कोणी सांगायला नाहीच. एका रात्री उशीर झाला म्हणून डॅरी त्याला थोबाडीत मारतो, मुलगा घरातून पळतो, आणि त्याच रात्री त्याचा मित्र जॉनी ह्याच्या हातून बॉब नावाच्या सोशचा खून होतो. पुढे इस्पितळात डॅरी रडतो तेव्हा उमगते, की त्याचा धाक हा धाकट्याला गमावण्याच्या भीतीतून आलेला होता. मौज अशी, की पोनीबॉय लिहायला बसतो तेव्हा त्याला हे कळलेले असते. तरी त्या वेळी जसे वाटले तसेच तो लिहितो. आपल्याकडे 'श्यामची आई'मध्ये मोठा झालेला श्याम बालपण सांगतो, पण आईच्या कठोरपणाचा अर्थही तिथल्या तिथे सांगून टाकतो. 'मी' दोन्हीकडे आहे. वापरण्याची रीत निराळी.

दुसरा पाठ एका शब्दाचा. जळत्या चर्चमधून लहान मुलांना वाचविल्यावर वर्तमानपत्र ह्या पोरांविषयी छापते, की गुंड होते ते वीर 'झाले'. त्यांचा एक सोबती त्या 'झाले'वरच बोट ठेवतो: ते पहिल्यापासूनच वीर होते! क्रियापद एकच, पण लिहिणारा कुठल्या गल्लीत राहतो ते त्यावरून समजते.

तिसरा पाठ सर्वांत महत्त्वाचा. जॉनीच्या मृत्यूनंतर आजारी पोनीबॉय म्हणू लागतो, की जॉनी मेलेला नाही, बॉबला आपणच मारले. जॉनीचा जो मृत्यू आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहिला, तोच तो नाकारतो. त्याला लबाड म्हणावयाचे काय? नाही. दुःख फार झाले म्हणजे माणसाची साक्ष ढळते. निवेदकावर प्रेम करावे, पण त्याची जबानी तपासावी, हे मुलांना इथे शिकविता येते.

वर्गात काय करावे? एक प्रसंग निवडून तीन रकाने आखावे: निवेदकाने पाहिले काय, ऐकले काय आणि नुसते ताडले काय. मग तोच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून लिहावयास सांगावे. त्या रात्री वाट पाहणारा डॅरी घ्यावा, किंवा बॉबची मैत्रीण चेरी. बॉबची चांगली बाजू तिने पाहिली होती, म्हणून ती जॉनीला भेटायला जाऊ शकत नाही. चेरीच्या बाजूने चार ओळी लिहून पाहिल्या, की खुनाचे आणखी एक दुःख दिसू लागते. मात्र दोन बाजू ऐकल्या म्हणजे दोन्ही बाजूंची ताकद सारखी, असे मुलांनी समजू नये. सोशना मोटारी आहेत, डॅरीला कॉलेजात जाता आले नाही, हे कोणीही सांगितले तरी तसेच राहते.

कादंबरीच्या शेवटी कळते, की हे सारे पुस्तक म्हणजे इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलेला निबंध आहे. नापास होऊ नये म्हणून तो लिहायला बसतो. पण आपल्यासारखी कितीतरी पोरे आहेत आणि त्यांची बाजू कोणीतरी सांगितली पाहिजे, हे मनात आल्यावर लेखणी चालू लागते. ज्यांनी स्वतःची हकीकत लिहिली नाही, त्यांची हकीकत मुकादम लिहितो, आणि दप्तरात तीच राहते. म्हणून मुलांना दुसऱ्याची जबानी तपासावयास शिकवा, आणि स्वतःची लिहावयासही शिकवा.